चर्चच्या जुन्या वाटा आणि १ जानेवारी २०२६ ची टांगती तारीख

इंग्लंडमधल्या पायी भटकंती करणाऱ्या गटांच्या रविवारच्या सूचनांत बहुधा मैलांचा आकडा, एक-दोन जुनी चर्च, थोडं रान, नदीकाठ आणि ‘डबा सोबत आणा’ एवढाच मजकूर असतो. तिकडे स्थायिक झालेली मराठी माणसंही अशा गटांतून चालतात. पहिल्यांदा गेलेल्याला एक प्रश्न हमखास पडतो: कुणाच्या तरी खासगी शेतातून, उभ्या गव्हातून वीस-पंचवीस जण खुशाल कसे जातात? उत्तर नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघेत आहे. रेघ असेल तर चालण्याचा हक्क आहे. शेतकऱ्याने वाट नांगरली तरी साधारणपणे चौदा दिवसांत ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, शेताच्या मधून जात असेल तर निदान एक मीटर रुंद. रेघ नसेल तर काय, यावरून गेली पंचवीस वर्षं वाद चालू आहे.

कित्येक वाटा चर्चपाशी येऊन मिळतात, कारण त्या निघाल्याच चर्चसाठी. मध्ययुगात दफनाचा अधिकार आणि त्याचं शुल्क मुख्य चर्चकडे असे. लांबच्या वस्त्यांना आपलं माणूस खांद्यावरून तिथवर न्यावं लागे. यॉर्कशरमध्ये स्वेल नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाच्या गावांतून मृतदेह थेट ग्रिंटनच्या चर्चला नेत. वाटेत म्यूकरला १५८० मध्ये चर्च झालं, तेव्हा ती पायपीट कमी झाली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये रायडल ते ग्रासमियर ही अशीच वाट. तिच्यावर शवपेटी टेकवून खांदेकऱ्यांनी दम खायचा सपाट दगड अजून आहे. एका बाजूला झाडी, खाली पाणी, शेवटी चर्च. आजचे गट हौसेने चालतात तो मार्ग हाच.

मृतदेह ज्या वाटेने गेला ती वाट कायमची सार्वजनिक होते, असा समज खेड्यांतून पक्का होता. कायद्याने तो कधीच मानला नाही. उलट १९०३ च्या एका निकालाने, गावकऱ्यांना चर्चला जाण्यापुरती असलेली वहिवाट म्हणजे सर्वांचा रस्ता नव्हे, असं ठरवलं. त्यामुळे जुनं चर्च दाखवून वाट सिद्ध होत नाही. त्या चर्चच्या हद्दीतल्या गावांबाहेरची माणसंही तिथून बिनदिक्कत जात होती, हे दाखवावं लागतं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गायरानं आणि सामाईक शेतं कुंपणं घालून खासगी झाली. १८१५ च्या कायद्याने दोन न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीने ‘अनावश्यक’ वाट बंद करता येऊ लागली, आणि हे दंडाधिकारी बहुधा जमीनदारच असत. मँचेस्टरकरांनी १८२६ मध्ये वाटा वाचवायला संघटना काढली. १९०० मध्ये शेफील्डच्या समाजवादी कामगारांचे रविवारचे गट डोंगराकडे निघाले. एप्रिल १९३२ मध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या खासगी डोंगरपठारावर काहीशे तरुण मनाई झुगारून चढले आणि पाच जण तुरुंगात गेले. हे सगळं वारंवार सांगितलं जातं. त्यामानाने १९४९ च्या कायद्याने काय केलं, याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि आजच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

त्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. पाहणीचं काम गावपातळीच्या परिषदांनी केलं. कुठे मास्तरांनी आणि जुन्याजाणत्यांनी शिवार पालथं घातलं, कुठे परिषदेत बसलेल्या जमीनमालकांना वाटा आठवल्याच नाहीत. म्हणून आजही काही वाटा गावाच्या शिवेवर, भर शेतात, एकदम तुटतात: अलीकडच्या गावाने नोंदवली, पलीकडच्याने नाही. पण नकाशात नाही म्हणून हक्क नाही, असं मात्र नव्हतं. एकदा सार्वजनिक झालेली वाट कायम सार्वजनिक, हे इंग्लिश कायद्याचं जुनं तत्त्व शाबूत होतं. पुरावा मिळेल तेव्हा नोंद करता येत होती.

२००० च्या कायद्याने याच तत्त्वाला मुदत घातली. डोंगर, माळ, खुरट्या झुडपांची मोकळी जमीन आणि नोंदलेली गायरानं चालणाऱ्यांना खुली झाली, आणि त्याच कायद्यात एक कलम आलं: १९४९ पूर्वीच्या ज्या पायवाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर येणार नाहीत, त्यांवरचा हक्क संपेल. जमीनमालकांचं म्हणणं होतं की आपल्या जमिनीवर काय बोजा आहे हे कधीतरी नक्की कळायला हवं. ते म्हणणं गैर नाही. पण नोंदीतली चूक सरकारी पाहणीची आणि ती निस्तरायची चालणाऱ्यांनी, स्वखर्चाने, सुट्टीच्या दिवशी, हा न्याय मला पटत नाही.

निस्तरायची म्हणजे काय, ते बघा. कार्यकर्ते कुंपणकाळातले निवाडे, चर्चच्या दशांश कराचे नकाशे, रेल्वेचे आराखडे उलगडत बसतात. १९१० च्या जमीनकरासाठी झालेल्या मूल्यांकनाच्या वह्या तर फार मोलाच्या. आपल्या शेतातून सार्वजनिक वाट जाते असं मालकाने सांगितलं तर त्याला करात सूट मिळे, आणि खोटं सांगणं गुन्हा होता. आजोबांनी सूट घेतली आणि नातू म्हणतो वाट नव्हतीच, अशा वेळी ती एक नोंद निर्णायक ठरू शकते. २०२० मध्ये हजारो स्वयंसेवकांनी जुने-नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ४९ हजार मैल वाटा हरवल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. तोवर काउंट्यांकडे अर्जांचा ढीग साचलेला होता. काही अर्ज दहा वर्षांहून जास्त काळ पडून आहेत.

मग धरसोड सुरू झाली. २०२२ च्या सुरुवातीला सरकारने मुदतच रद्द करायचं जाहीर केलं. २०२३ मध्ये शब्द फिरवून ती २०३१ वर नेली. सरकार बदललं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुदत पुन्हा रद्द करायची घोषणा झाली. प्रत्येक वळणावर स्वयंसेवकांनी कामाचा क्रम बदलला: आधी घाईघाईने अर्ज, मग सवड, मग पुन्हा घाई.

रान आणि नदी यांचं दुखणं वेगळं. २००० च्या कायद्याने खुल्या केलेल्या जमिनींत त्यांना स्थान नाही. सरकारी मालकीची बरीच जंगलं स्वतंत्रपणे खुली केली गेली, पण खासगी रानात वाटेवरूनच चालायचं. नदीकाठीही तेच. स्कॉटलंडने २००३ मध्ये रानं आणि पाणी यांसह जवळपास सगळी जमीन जबाबदारीने वावरणाऱ्यांसाठी खुली केली. इंग्लंडमध्ये गटाचा पुढारी अजून नकाशा हातात धरून, वाट काठावरून कुठे वळते ते बघत चालतो, आणि रेघ रानाच्या कडेला थांबली असेल तर सगळ्यांना वळसा घालून डांबरी रस्त्याने नेतो.