निर्वासितांची संस्था की स्थलांतरितांची? यूएनएचसीआर आणि आयओएममधला फरक

छावणीच्या फोटोखाली एक दिवस ओळ असते, 'संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं सांगितलं'. दुसऱ्या दिवशी त्याच छावणीबद्दल, 'संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेनं सांगितलं'. वाचणाऱ्याला वाटतं, भाषांतर करणाऱ्यानं शब्द बदलला असेल. पण या खरोखरच दोन संस्था आहेत. दोघींचं मुख्यालय जिनिव्हात, दोघींचा रंग निळा, दोघींचा जन्म एका वर्षाच्या अंतरानं झालेला, आणि बऱ्याचदा दोघींचे तंबू शेजारी शेजारी. घोटाळा होणं साहजिक आहे.

यूएनएचसीआर, म्हणजे निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तांचं कार्यालय, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 14 डिसेंबर 1950 रोजी स्थापन केलं. मुदत होती फक्त तीन वर्षं. दुसऱ्या महायुद्धानं उखडलेल्या युरोपीय माणसांचा प्रश्न तेवढ्यात मिटेल, अशी अपेक्षा होती. मुदतवाढी मिळत राहिल्या आणि ही मुदतीची अट काढायला 2003 साल उजाडलं.

या कार्यालयाचं खरं बळ मात्र 28 जुलै 1951च्या निर्वासितविषयक करारात आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी साधार भीती असलेला, त्यामुळे देशाबाहेर पडलेला आणि स्वतःच्या सरकारचं संरक्षण न मिळणारा माणूस म्हणजे निर्वासित. ही पाच कारणं नीट वाचली तर लक्षात येतं की त्यांतली बरीचशी अल्पसंख्याकांना लागू पडणारी आहेत. करारातलं 33वं कलम सांगतं की अशा माणसाला जिवावर बेतेल तिथं परत धाडायचं नाही. 35व्या कलमानं सह्या करणाऱ्या देशांवर या कार्यालयाला सहकार्य करण्याचं बंधन घातलं. मूळ करार फक्त 1951पूर्वीच्या घटनांमुळे निर्वासित झालेल्यांपुरता होता, 1967च्या पूरक करारानं ती अटही गेली. थोडक्यात, सरकारला 'तुम्ही कबूल केलं होतं' असं सुनावण्याचा अधिकार या संस्थेला कागदावर मिळालेला आहे.

आयओएमची, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची, कहाणी निराळी. डिसेंबर 1951मध्ये ब्रुसेल्सला तिची सुरुवात झाली ती माणसं हलवण्यासाठी. युरोपात काम नव्हतं, समुद्रापलीकडे हात हवे होते, मध्ये जहाजांची सोय करणारं कुणीतरी पाहिजे होतं. कम्युनिस्ट देश जिच्यात नसतील अशी संघटना अमेरिकेला हवी होती, म्हणून ती संयुक्त राष्ट्रांच्या बाहेरच उभी राहिली. पुढे नावं बदलत गेली, आजचं नाव 1989चं. 'संयुक्त राष्ट्रांची स्थलांतर संस्था' हे बिरुद तर त्याहून नवं, सप्टेंबर 2016च्या करारानंतरचं. त्याच करारात तिचं वर्णन 'नियम न घडवणारी' संघटना असं केलेलं आहे. कुणाला आणि किती जणांना आत घ्यायचं हा ज्या त्या देशाचा अंतर्गत प्रश्न, असं तिची घटनाच सांगते.

म्हणून आयओएमकडे सरकार येतं ते काम घेऊन, आणि त्या कामाचे पैसे घेऊन. तिचा बहुतेक निधी ठरावीक प्रकल्पांना बांधलेला असतो. यूएनएचसीआरही देणगीदारांच्या मर्जीवरच चालते, हे खरं. तिनं फार ताठ मानेनं फिरावं असं काही नाही. पण सरकारशी भांडण झालं तर तिच्या हातात करार असतो. आयओएमच्या हातात कंत्राट असतं.

हे बोलणं जरा कडू वाटेल. पण 2001मध्ये ऑस्ट्रेलियानं समुद्रातून आलेल्या आश्रयार्थींना नाउरू आणि मानूस या बेटांवर ठेवलं, तेव्हा तिथली केंद्रं चालवण्याचं काम आयओएमनं घेतलं आणि मानवी हक्क संघटनांनी तिच्यावर सडकून टीका केली.

तरीही तिला खलनायक ठरवून मोकळं होणं चूक ठरेल. 2011मध्ये लिबियात लढाई पेटली तेव्हा ट्युनिशियाच्या सीमेवर, रास जदीरच्या नाक्यावर, हजारो परदेशी मजूर येऊन अडकले. डोक्यावर गाठोडी, बऱ्याच जणांचे पासपोर्ट मालकाकडेच राहिलेले. अशा रांगेत एक बांगलादेशी गवंडी उभा आहे आणि त्याच्या मागं एक सोमाली तरुण, असं समजा. दोघंही त्याच देशातून, त्याच गोळीबारापासून पळालेत, दोघांनाही तहान लागलीय. गवंड्याला घरी जायचंय आणि त्याच्या घरी त्याच्या जिवाला धोका नाही. त्याला हवं तात्पुरतं प्रवासपत्र आणि विमान. हे आयओएमचं काम, आणि ते तिच्याइतकं हातखंडा कुणालाच जमत नाही. सोमाली तरुणाला 'घरी पाठवतो' म्हणणं हीच धमकी. त्याला विमान नको, संरक्षण हवं. तो यूएनएचसीआरच्या वाट्याचा, आणि जवळच्या शूशा छावणीत पुढच्या निर्णयाची वाट बघत राहणारा. त्या वेळी दोन्ही संस्थांनी मिळून लोकांना बाहेर काढण्याची संयुक्त मोहीम चालवली. रांग एकच असली तरी हक्क दोन प्रकारचे होते.

(स्थलांतरित कामगारांसाठीही एक करार आहे, 18 डिसेंबर 1990चा, म्हणूनच 18 डिसेंबर हा स्थलांतरितांचा दिवस. पण तो आयओएमच्या ताब्यात नाही, त्यावर वेगळी समिती देखरेख करते. शिवाय मजूर मोठ्या संख्येनं बोलावणाऱ्या श्रीमंत पाश्चात्त्य देशांनी त्याला मान्यताच दिलेली नाही. त्यामुळे गवंड्याच्या मागं उभा राहणारा कायदा तसा दुबळाच.)

सरकारनं 'निर्वासित' हा शब्दच उच्चारायचं नाकारलं, तर काय? इथं प्रकरण खरं गुंतागुंतीचं होतं. म्यानमारच्या 1982च्या नागरिकत्व कायद्यानं रोहिंग्यांना बहुतांशी नागरिकत्वाबाहेर ठेवलं. 25 ऑगस्ट 2017नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारकडे आले. निर्वासितांचा याहून स्पष्ट दाखला कोणता? पण बांगलादेशानं 1951च्या करारावर सही केलेली नाही, आणि सरकारी भाषेत ही माणसं 'बळजबरीनं विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' ठरली. निर्वासित नाहीत म्हटल्यावर मदतीच्या समन्वयाची सूत्रं सुरुवातीला आयओएमकडे राहिली. यूएनएचसीआर तिथं 1990च्या दशकापासून होती, पण मुख्यतः कुतुपालोंग आणि नयापारा या जुन्या नोंदणीकृत छावण्यांपुरती.

पुढे दोघींनी छावण्या वाटून घेतल्या. मदतीचा आराखडा संयुक्त झाला. 2018मध्ये बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर यांनी मिळून नोंदणी करून ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. त्या कार्डावर 'रोहिंग्या' हा शब्द नव्हता, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात छावण्यांमध्ये संप झाला. बाहेरून बघणाऱ्याला एका शब्दासाठी दुकानं बंद ठेवणं अतिरेकी वाटेल. पण ज्यांना नावासकट नाकारलं गेलं त्यांनी नावासाठी अडून बसणं मला तरी अगदी व्यवहारी वाटतं.

व्हेनेझुएलाच्या बाबतीत उलटं घडलं. तिथून बाहेर पडलेल्यांत कोण छळामुळे आला आणि कोण उपासमारीमुळे, हे वेगळं करणं अवघड होतं. म्हणून 2018मध्ये दोन्ही संस्थांनी एकच मंच उभा केला, एकच विशेष प्रतिनिधी नेमला आणि नावातच 'निर्वासित आणि स्थलांतरित' असे दोन्ही शब्द घेतले. वादच टाळला. काहींना ही पळवाट वाटते, कारण 'आणि' म्हटल्यावर सरकारला सोयीचा शब्द निवडता येतो.

आपत्तीच्या कामात मात्र वाटणी सरळ आहे. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांच्या छावण्यांचं जागतिक समन्वयन दोघी मिळून बघतात: युद्ध असेल तर यूएनएचसीआर, भूकंप किंवा पूर असेल तर आयओएम.

आणि दोघींची सांगड सर्वांत स्पष्ट दिसते ती तिसऱ्या देशात कायमचं वसवण्याच्या साखळीत. कुणाची गरज अधिक, हे यूएनएचसीआर मुलाखती घेऊन ठरवते आणि नाव सुचवते. घ्यायचं की नाही हे तो देश ठरवतो. मग वैद्यकीय तपासणी, प्रवासाची कागदपत्रं आणि विमानाचं तिकीट आयओएम बघते. अमेरिकेला गेलेल्या निर्वासितांना हा प्रवासखर्च बिनव्याजी कर्ज म्हणून मिळत आला आहे. निघण्यापूर्वी फेडीच्या कागदावर सही करावी लागे. विमानतळावर ही कुटुंबं लगेच ओळखू यायची. बाकी सामान ढकलगाडीवर, पण आयओएमची निळी अक्षरं असलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी कुणी खाली ठेवायचं नाही. सगळी कागदपत्रं तिच्यात असायची.