रेझ्युमेच्या तळाशी प्रतिज्ञापत्र आलं कुठून?

खासगी कंपनीकडे आलेला कुठलाही रेझ्युमे उघडा. शेवटी बहुतेक वेळा असतंच: 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' खाली स्थळ, दिनांक आणि सहीसाठी टिंबांची रेघ. त्याच्या वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित. कंपनीने यातलं काहीच मागितलेलं नसतं.

हा सगळा वारसा सरकारी अर्जाचा. १९४५ मध्ये महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायची सरकारी कार्यालयं, सुरू झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा तिथे कळवणं बंधनकारक केलं. माणूस तिथूनच घ्या, अशी सक्ती मात्र नव्हती. तरी पोरं नाव नोंदवायची, कार्ड रिन्यू करायची आणि 'कॉल'ची वाट बघत बसायची. त्या व्यवस्थेत प्रत्येक रकान्याला कारण होतं. वयाची अट होती म्हणून जन्मतारीख, आरक्षण होतं म्हणून जात, खोटं निघालं तर कारवाई करता यावी म्हणून प्रतिज्ञापत्र. टायपिंगचा वेग 'मराठी ३०, इंग्रजी ४०' एवढं लिहिलं की पुरे. काम काय केलं, हे सांगायला जागाच नव्हती.

१९९१ नंतर खासगी नोकऱ्या वाढल्या, १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, पण रकाने तसेच राहिले. ते टिकवले झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांनी. माझा पहिला बायोडाटा अशाच दुकानात झाला. आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवर माझं नाव चढवलं, छंद तेवढे बदलायचे राहिले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "कॅरममध्ये कुठपर्यंत खेळलात?" (लग्नाचा बायोडाटाही तिथेच व्हायचा. त्यात उंची आणि रास जास्तीची, एवढाच फरक.)

हे रकाने निरुपद्रवी नाहीत. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याच्या संधीचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं (१ म्हणजे बरोबरी). नाव काही झाकता येत नाही. पण कुणी न विचारता धर्माची ओळ आपल्या हाताने कशाला वाढून द्यायची?

वाचवलेली ती जागा कामाला द्यावी. 'टॅली येते' याने काहीच कळत नाही. 'तीन दुकानांचे हिशेब आणि दरमहा जीएसटी रिटर्न दोन वर्षं एकट्याने सांभाळले' म्हटलं की समोरच्याला माणूस दिसतो. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि टेबलांच्या चौकटीत त्याचा गोंधळ उडू शकतो. रकान्यांची सवय तिथेही नडते.

परवा भाच्याला घेऊन दुकानात गेलो होतो. ते शेवटचं वाक्य काढायला सांगितलं, तर ऑपरेटर मान वर न करता म्हणाला, "राहू द्या हो काका, त्याशिवाय अर्धवट वाटतं."