लोकप्रिय संगीतातील अभिजात पियानोवादक

युरोपीय अभिजात संगीताची रीतसर तालीम घेऊन पुढे जॅझ, पॉप, रॉक किंवा चित्रपटसंगीत वाजवण्यावर चरितार्थ चालवणारा वादक. हा प्रकार विसाव्या शतकात रुजला. एकलवादनाच्या मैफली मोजक्यांच्याच वाट्याला येत. क्लब, ध्वनिमुद्रण आणि दूरचित्रवाणी यांना मात्र तयार हाताची माणसे सतत लागत.

तालमीतून बोटांची ताकद, स्पर्शावरचा ताबा आणि समोरचे स्वरलेखन पाहताक्षणी वाजवण्याची सवय मिळते. अडचण नेमकी तिथेच सुरू होते. अभिजात वादकाला प्रत्येक स्वर कागदावर लिहून मिळालेला असतो. लोकप्रिय संगीतात अनेकदा हाती येते ते फक्त ‘लीड शीट’: सुरावटीची एक ओळ आणि वर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांची, अक्षरे. बाकीचे जागच्या जागी रचायचे. गायिकेचा आवाज बसला असेल, तर तेच गाणे आयत्या वेळी दोन स्वर खाली घ्यायचे. बँडमध्ये बास, म्हणजे खालचे खर्जातले स्वर, वाजवणारा असला की डाव्या हाताने गप्प राहायला शिकायचे, आणि भरगच्च वाजवण्यात वर्षे घालवलेल्याला हे सर्वांत जड जाते. जॅझच्या लयीचा झोका (स्विंग) तर कागदावर पुरता उतरतच नाही. तो ऐकूनच अंगी येतो.

या वाटेला बरेच जण ठरवून आलेले नाहीत. युनिस वेमन या कृष्णवर्णीय मुलीला 1951 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेने प्रवेश नाकारला; वर्णामुळेच, अशी तिची कायमची धारणा होती. 1954 मध्ये ती अटलांटिक सिटीतील एका बारमध्ये पियानो वाजवू लागली. गाणार नसशील तर काम नाही, असे मालकाने बजावले, म्हणून ती गाऊ लागली. धर्मोपदेशक आईला कळू नये म्हणून नाव घेतले नीना सिमोन. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ या गाण्याच्या मधल्या वादनात तिने अभिजात संगीतकार बाखच्या धर्तीवर दोन्ही हातांत स्वतंत्र सुरावटी गुंफल्या आहेत. कर्टिसने तिला मानद पदवी दिली ती 2003 मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर.

अमेरिकन पियानोवादक लिबराचीची गोष्ट वेगळी. 1940 मध्ये त्याने शिकागो सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर संगीतकार लिस्टचा दुसरा कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवला होता. पुढे पियानोवर अनेक मेणबत्त्यांचे शोभिवंत दीपदान ठेवून, झगमगीत पोशाखात तो दूरचित्रवाणीचा तारा झाला. कंटाळवाणे भाग गाळलेले अभिजात संगीत आपण वाजवतो, असे तो स्वतःच सांगे. समीक्षकांनी त्याची टर उडवली, पण हात कच्चा आहे असे म्हणणे कठीण होते.

इंग्लंडच्या रिक वेकमन या रॉक वादकाने 1969 मध्ये लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक अर्धवट सोडले, कारण ध्वनिमुद्रणाची कामेच इतकी येत होती. रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स?’ या गाण्यामधला पियानो त्याचा. ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिख गुल्डाने मात्र काहीच सोडले नाही. बेथोव्हनचा मान्यवर वादक असतानाच तो 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबात जॅझ वाजवत होता.