थंडीसह पाम : सोलापुरातील कुंडी-जोपासना

शून्याखालच्या थंडीतही तग धरणाऱ्या ताल कुलातील जातींना थंडीसह पाम म्हणतात. सोलापुरात पारा शून्याजवळ कधी उतरत नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतली थंडी शालीने भागते. इथे या झाडांची परीक्षा मार्च ते ऑक्टोबर या काळात होते आणि त्यातही दोन तऱ्हा आहेत. मेअखेरपर्यंत चाळिशीपार जाणारी कोरडी उष्णता असते, तर मृगाच्या आगेमागे दमट उकाडा सुरू होतो. कुंडीतला पाम पहिल्या काळात करपतो, पण मरतो तो बहुधा दुसऱ्यात.

जात निवडताना ती उणे किती अंश सोसते यापेक्षा तिच्या मायभूमीचा उन्हाळा कसा आहे, हे पाहावे. खोडाला काथ्यासारखे तपकिरी तंतू असणारा विंडमिल पाम मूळचा चीनकडचा. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने 1849 मध्ये तो इंग्लंडला पाठवला. ‘ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी’ हे शास्त्रीय नाव त्याच्यावरूनच पडले. त्याचा भारतीय भाऊबंद ट्रॅकिकार्पस ताकिल कुमाऊँत पिथोरागढच्या बाजूला, बर्फ पडणाऱ्या उंचीवर वाढतो. डोंगरातल्या या झाडाला रात्रीचा गारवा लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात भिंती रात्रभर ऊब सोडत असतात, म्हणून नवशिक्याने ताकिलच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेच्या आग्नेय भागातले नीडल पाम आणि सबल मायनर मात्र दमट उकाड्यातच वाढलेले आहेत. त्यातला नीडल पाम उणे 20° से.च्या आसपासही जगतो. बलुचिस्तान-अफगाणिस्तानचा मझरी पाम, ज्याच्या पानांच्या चटया विणतात, तो इथली कोरडी धग सहज पचवतो. पावसाळ्यात त्याला आडोसा द्यावा. भूमध्य सागराकाठच्या चॅमेरॉप्सलाही तोच नियम, कारण त्याच्या देशी पाऊस हिवाळ्यात पडतो. सावलीत ठेवायचा असेल तर रॅपिस पाम हा सर्वांत बिनघोर.

खरा प्रश्न मुळांचा आहे. जमिनीतले मूळ खाली गारव्याला जाते, कुंडीतल्या मुळाला पळायला जागा नसते. शहाबादी फरशीवर, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीत कडेची मुळे अक्षरशः शिजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, बाहेरून चुना लावावा किंवा भोवती जुनी सोलापुरी चादर ओली करून गुंडाळावी. वर कडब्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकावे. कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरणे हा उपाय सर्वांत चांगला. दुपारी एक ते सूर्यास्तापर्यंत हिरव्या जाळीची सावली हवी. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. ते चुकूनही घालू नये. पाणी पहाटे द्यावे.

नुसती काळी माती वापरू नये. ती उन्हात भेगाळते आणि पावसात चिकट गोळा होते. पोयटा, जाडी वाळू, विटांचे तुकडे आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण घ्यावे. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोके जळतात. पहिल्या दमदार पावसात कुंडी उघड्यावर ठेवली की हे क्षार धुऊन निघतात. चुनखडीयुक्त पाण्यामुळे कोवळी पाने पिवळी पडली तर थोडा हिराकस (फेरस सल्फेट) द्यावा; ती आखूड आणि चुरगळलेली निघाली तर बहुधा मँगनीजची कमतरता असते.

जूननंतर पाण्याचा हात आखडता घ्यावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि उष्णतेत मुळांना तो जास्त लागतो. त्यामुळे गरम आणि सतत ओल्या मातीत मुळे गुदमरतात, मग बुरशी शिरते. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, तेव्हा कुंडीखालची बशी काढलीच पाहिजे. पामच्या खोडाला सहसा एकच शेंडा असतो. मधला कोंब हलक्या हाताने ओढताच निघून आला आणि त्याच्या बुडाला कुजका वास असला, तर कुजका भाग काढून कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचे द्रावण ओतावे आणि कुंडी पावसातून हलवावी. एकखोडी विंडमिल पाम यातून क्वचितच वाचतो. नीडल, चॅमेरॉप्स आणि रॅपिस बेटाने वाढतात, त्यांचे बाजूचे फुटवे जिवंत असू शकतात. अशी कुंडी दिवाळीपर्यंत रिकामी करू नये.