कॅलिबरचा आकडा कुठून आला? मोठ्या जनावरांच्या शिकारीतल्या काडतुसांची पार्श्वभूमी

हत्ती, आफ्रिकी रानम्हैस, मूस आणि एल्क (थंड मुलखातली थोराड हरणं) अशा मोठ्या जनावरांसाठी रायफल कुठली, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुतेकदा एखाद्या तक्त्याच्या रूपात येतं. एका बाजूला जनावर, समोर कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या किंवा गोळीच्या जाडीचा आकडा: .२७०, .३०-०६, ९.३, .३७५, .४१६, .४५८, .४७०. बिंदूने सुरू होणारे आकडे इंचात, ९.३ मिलिमीटरात. तक्ता पाहून वाटतं, कुणीतरी जनावरांची वजनं मांडून त्यांच्या मापाने हे आकडे कातले असावेत. तसं काही झालेलं नाही. .४७० जन्मली कारण एका सरकारने .४५० वर बंदी घातली. .४१६ रिग्बीचं काडतूस एवढं जाडजूड आहे ते उन्हामुळे. .४५८ विंचेस्टर आखूड राहिली, कारण ती स्वस्त रायफलीत बसवायची होती. यांतल्या एकाही निर्णयात जनावराला विचारलेलं नव्हतं.

सुरुवात काळ्या दारूपासून, म्हणजे बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या दारूपासून करावी लागते. काळ्या दारूने जड गोळीला सेकंदाला साधारण १,५०० फुटांच्या फार पुढे ढकलता येत नाही. दारू वाढवली तर धूर आणि धक्काच जास्त वाढतो. वेग वाढत नाही म्हटल्यावर उरतं ते वजन. म्हणून जुने शिकारी बंदुकीचं माप इंचात सांगतच नसत, बोअरमध्ये सांगत. एक पौंड शिशाचे नळीच्या मापाचे जितके गोळे होतील, तितका बोअर. बारा गोळे झाले तर बारा बोअर. हत्तीसाठी चार बोअर, म्हणजे एकेक गोळा पाव पौंडाचा, ११३ ग्रॅमचा. इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकरकडे तर अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी रायफल होती. तिला तो ‘बेबी’ म्हणे. अबिसिनियाच्या सीमेवरच्या अरब सोबत्यांनी तिला ‘तोफेचं पोर’ म्हटलं, आणि ते जास्त खरं होतं. कित्येक वर्षांत आपण तिचे जेमतेम वीसेक बार काढले आणि ती वापरायला आपल्याला भीती वाटे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. फ्रेडरिक सेलूस या दुसऱ्या इंग्रज शिकाऱ्याने १८७० च्या दशकात आफ्रिकेच्या दक्षिण भागात चार बोअरच्या ठासणीच्या बंदुकांनी हत्ती मारले, पिशवीतून मुठीने दारू ओतून. त्या धक्क्यांनी आपला नेम कायमचा बिघडवला, चाप ओढताना अंग आपोआप आखडायला लागलं, अशी त्याची तक्रार होती. मोठ्या कॅलिबरची बढाई मारणाऱ्यांनी ही तक्रार वाचावी. आजही जबर रायफल घेणाऱ्यांचे नेम याच कारणाने चुकतात.

धक्का कमी करायचा आणि वेगही हवा, या खटपटीतून ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. हे नाव लंडनच्या पर्डी या बंदूकवाल्याने १८५६ मध्ये एक्स्प्रेस गाडीवरून घेतलं. गोळी हलकी, टोकाला पोकळ आणि मागे दारूचा भरपूर बार. हरणासारख्या पातळ कातडीच्या जनावरावर ती विलक्षण चालली. गवा किंवा रानम्हशीच्या खांद्यावर मात्र गोळी वरच्यावर फुटायची, मोठी जखम व्हायची आणि जनावर जायबंदी होऊन झाडीत शिरायचं. गोळी आत शिरण्याआधीच उमलली तर सगळा जोर वाया जातो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढच्या प्रत्येक पिढीने तो नव्याने घेतला.

मग दहा-पंधरा वर्षांत सगळंच पालटलं. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशाच्या गोळीला तांब्याचं आवरण चढवलं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने बिनधुराची दारू बनवली, १८८६ मध्ये ती ८ मिलिमीटरच्या लेबेल रायफलीत आली, आणि १८८९ मध्ये ब्रिटिशांनी आपलं कॉर्डाइट काढलं. नुसती दारू पुरली नसती. त्या वेगाला उघडं शिसं नळीच्या पेचांत (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळत्या खाचांत) घासून माखतं, म्हणून तांब्याचं आवरण अटळ होतं. १८९८ मध्ये जॉन रिग्बी या बंदूकवाल्याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस बाजारात आणली: ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला २,१५० फूट. दहा किलोची चार बोअर गड्याच्या खांद्यावर वाहून नेणाऱ्यांच्या हातात आता पाच किलोची दुनळी रायफल आली आणि तिची पूर्ण आवरणाची गोळी हत्तीच्या कवटीच्या पार जाऊ लागली. चार बोअरचं युग तिथेच संपलं.

कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारख्या पिवळसर काड्या. त्या एकदा मान आवळलेल्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीत, भरणं इतकं अवघड की .३०३ च्या कारखान्यात आधी काड्या भरत आणि मगच पितळी केसची मान आवळत. पण खरी अडचण उष्णतेची होती. कॉर्डाइट तापलं की दाब चढतो. इंग्लंडच्या गारव्यात गुमान चालणारं काडतूस भारतातल्या किंवा सुदानमधल्या उन्हाळ्यात नळीत फुगून बसायचं आणि रिकामी केस निघता निघायची नाही. समोर जखमी रानम्हैस असताना अडकलेली केस म्हणजे काय, हे सांगायला नको. उपाय साधा होता: केस मोठी करायची, दारू सैल बसू द्यायची आणि दाब मुळातच कमी ठेवायचा. जुनी नायट्रो एक्स्प्रेस काडतुसं बोटभर लांब आणि उतरत्या अंगाची दिसतात ती यासाठी. १९११ च्या .४१६ रिग्बीचा घेरही त्याच हिशेबाचा. आजच्या दारूवर उन्हाचा परिणाम बराच कमी होतो, पण केसचं माप तेच राहिलं.

१९०७ ची गोष्ट तर निव्वळ सरकारी आहे. ब्रिटिश फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० च्या होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ भारतात व सुदानमध्ये नको त्या हातांत गेल्या होत्या. शिकाऱ्यांसाठी येणाऱ्या .४५० च्या गोळ्या बंडखोरांच्या कामी येतील या धास्तीने सरकारने या दोन्ही मुलखांत .४५० कॅलिबरच्या आयातीवर बंदी आणली. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक भारतातच होतं. थोड्याच काळात .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी रांग लागली. गोळीचं वजन पाचशे ग्रेनच्या आसपास, वेग २,१०० ते २,२०० फूट, जनावराच्या दृष्टीने सगळ्या सारख्याच. .४५० ने जे होत होतं तेच, फक्त कस्टमला चालेल अशा आकड्यात. त्यांतली .४७० टिकली, आणि तेही ती सरस होती म्हणून नव्हे. जोसेफ लँग कंपनीने ती सगळ्या कारागिरांना खुली ठेवली, इतरांपैकी बऱ्याच जणांनी आपापली काडतुसं आपल्यापुरती राखली, एवढाच फरक. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ बोअरची कथाही याच जातीची: फौजेची .३०३ नागरिकांना वर्ज्य, म्हणून फौजेत नसलेलं माप.

दरम्यान जर्मनीतून माऊजर कंपनीची बोल्ट रायफल आली, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून पुढची गोळी चढवायची. दुनळीपेक्षा किती तरी स्वस्त, आणि चार-पाच गोळ्या पोटात. बर्लिनचा बंदूकवाला ओटो बॉक याने १९०५ मध्ये जर्मन आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी ९.३×६२ (९.३ मिलिमीटरची गोळी, ६२ मिलिमीटरची केस) काढली, साध्या लांबीच्या माऊजरमध्ये बसणारी. अजूनही ती चोख काम करते आणि तिचं कौतुक मात्र कमी होतं. १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम (जादा ताकदीचं काडतूस) आणली. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला अडीच हजार फूट, हरणापासून हत्तीपर्यंत एकच रायफल. तिच्या केसच्या बुडाशी असलेला पट्टा पुढे ‘मॅग्नम’पणाची खूण ठरला. मुळात मात्र केसचे खांदे फार उतरते, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) ते कुठे तरी अडलं पाहिजे, म्हणून तो होता.

आता बेल. वॉल्टर बेल, ‘कारामोजो’ म्हणून ओळखला जाणारा, आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बहुसंख्य ७×५७ माऊजरने, जिला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणतात. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल याच कॅलिबरची. लहान कॅलिबरवाले बेलचं नाव ढालीसारखं पुढे करतात आणि निम्मी गोष्ट गिळतात. बेलची गोळी १७३ ग्रेनची, पूर्ण आवरणाची, गोल टोकाची आणि जाडीच्या मानाने भरपूर लांब होती. वजन जास्त आणि छेद लहान असला की गोळी वाकडी न होता खोल जाते. स्वीडनमध्ये ६.५×५५ ने पिढ्यानपिढ्या मूस मारले जातात, त्यामागेही हेच गणित आहे. शिवाय बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं. तो शक्यतो जवळून, शांत उभ्या हत्तीच्या मेंदूचा नेम धरायचा. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी बेलचं उदाहरण कामाचं नाही.

सगळेच बेल नसतात, हे आफ्रिकेतल्या वन्यजीव खात्यांना लवकर कळलं आणि किमान मापाचे कायदे झाले. अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ किंवा ९.३ ही खालची हद्द आहे. नामिबिया आकड्याऐवजी ऊर्जा मोजतो: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला १,३५० ज्यूल, कुडू-ओरिक्स या मोठ्या हरणांना २,७००, हत्ती-रानम्हशीला ५,४००. बेलची ७×५७ या हिशेबात कुडूपाशी कशीबशी पास होते आणि हत्तीपाशी निम्म्यावर राहते. .३७५ वरच्या हद्दीतूनही सुटते.

अमेरिकेत वाद वेगळा पेटला. तिथे हत्ती नाही; एल्क, मूस आणि अस्वल. १९०६ ची फौजी .३०-०६ जवळपास सगळ्याला पुरत होती. १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर आली, १३० ग्रेनची गोळी, सेकंदाला तीन हजार फूट, आणि शिकारीवर लिहिणाऱ्या जॅक ओ’कॉनरने ती लेखांतून घरोघरी पोहोचवली. समोर दुसरा लेखक, एल्मर कीथ: गोळी जाड हवी, जड हवी, वेगाचं नंतर बघू. दोघांच्या चाहत्यांची भांडणं त्यांच्या मागेही चालू राहिली. आफ्रिकेत जॉन टेलर या शिकाऱ्याने वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून ‘नॉक-आउट’ अंक काढला. त्याप्रमाणे .४७० ला सुमारे ७३ गुण, .३०-०६ ला २१, बेलच्या रायफलीला १६. हत्तीच्या डोक्यावर बसलेल्या आवरणाच्या गोळीसाठी मांडलेलं हे सूत्र लोक हरणालाही लावतात आणि मग निष्कर्ष विचित्र निघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटलं, दुनळीचं गिऱ्हाईक आटलं, आणि १९६० च्या दशकात किनॉक या ब्रिटिश काडतूस कंपनीने नायट्रो एक्स्प्रेस काडतुसं बनवणं थांबवलं. ती पोकळी भरायला १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर मॅग्नम आधीच हजर होती: साध्या बोल्ट रायफलीत .४७० ची ताकद. केस अडीच इंचाची, त्यात दारू अक्षरशः दाबून भरावी लागे. साठवणीत ती दारू कधी कधी ढेकळासारखी बसायची, नीट पेटायची नाही आणि वेग जाहिरातीच्या बराच खाली यायचा. विंचेस्टरने ते पुढे सुधारलं, पण नाव खराब झालं. रानम्हशीने तुडवलेल्या जॅक लॉटने केस लांबवून .४५८ लॉट बनवली, तिच्यामागे ही सगळी कटकट होती.

एवढा वेळ चर्चा कॅलिबरची झाली. माझ्या मते विसाव्या शतकातला मोठा बदल मात्र गोळीच्या पोटात झाला. १९४६ मध्ये जॉन नोस्लर हा अमेरिकी शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसवर .३०० मॅग्नमने बार टाकत होता. मूसच्या अंगावर चिखलाचा वाळलेला थर होता, आणि वेगवान गोळ्या खांद्यावरच फुटत होत्या. काळ्या दारूच्या एक्स्प्रेसचंच दुखणं, पण आता दुप्पट वेगाला. नोस्लरने गोळीच्या आवरणात मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं उमलतं, भिंतीमागचं शिसं अखंड राहून खोल जातं. १९४८ पासून ही ‘पार्टिशन’ गोळी विकली जाऊ लागली आणि .३०-०६ एकदम एक पायरी वर चढली. आधी ज्या कामाला जाड कॅलिबरची गरज वाटे, त्यातलं बरंच तिला जमू लागलं.

पुढची पायरी शिसंच काढून टाकण्याची. १९८९ मध्ये बार्न्स या अमेरिकी कंपनीने अख्ख्या तांब्याची ‘एक्स’ गोळी आणली, तिचं टोक चार पाकळ्यांत उघडतं आणि वजन जवळपास पूर्ण टिकतं. त्यानंतर कायदाही मागे आला: शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन कॉन्डर गिधाडं मरतात म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीचे पेच जास्त घट्ट लागतात. जुन्या, सैल पेचांच्या रायफलीत जड तांब्याची गोळी आडवी पडू शकते. तिथे एक पायरी हलकी गोळी घेतात. वजन गळत नसल्याने ती पूर्वीच्या जड शिशाइतकीच खोल जाते. म्हणून आता काडतूस निवडताना कॅलिबरच्या आधी नळीवरचा पेचाचा आकडा (किती इंचांत एक वळसा) वाचावा लागतो.