टॉकीजच्या भिंतीला सिमेंट लावू नका

आमच्या गावात बाजारपेठेत एक जुनी टॉकीज आहे. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, आत लाकडी बाल्कनी. आधी सिनेमे अन् मधूनमधून नाटकंही व्हायची. काही वर्षांमागं दुरुस्ती झाली तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला, पण दोन पावसाळे झाले नाहीत तर कमरेएवढ्या उंचीपर्यंत प्लास्टर फुगलं, पोपडे पडायला लागले. लोक म्हणाले मिस्त्री कच्चा होता. मला तरी वाटतं मिस्त्रीचा दोष नव्हताच, मालच चुकीचा वापरला, चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं.

जुन्या दगडी भिंतीला पायातून ओल चढत असते, ती चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर उडून जाते. वरून सिमेंट थापलं की ती वाट बुजते, ओल आतच मुरते, तिच्यातले क्षार साचून फुगतात अन् भिंतीला लोणा लागतो. चुन्याचं गणित वेगळं आहे. चुनखडी साधारण ९०० अंशावर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, उरतो कळीचा चुना. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू परत शोषून हळूहळू पुन्हा दगड बनतो! आपल्या वेरूळच्या लेण्यांत तर मातीचुन्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, २०१६ साली त्यावर संशोधनही छापून आलं.

दुसरी गोष्ट आवाजाची, अन् इथं जास्त नुकसान होतं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या लेक्चर हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंद घुमायचा, शब्दावर शब्द चढायचे, काहीच कळायचं नाही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं रात्री-रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या आणून मोजमाप केलं अन् नियम काढला: हॉल जेवढा मोठा तेवढा आवाज जास्त घुमतो, शोषून घेणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा कमी. गादीच्या खुर्च्या, जाड पडदे अन् बसलेली माणसं, सगळीच आवाज शोषतात. लाकडाची पातळ फळी खर्जाचा आवाज खाते. हे सगळं काढून टाइल्स अन् प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या तर संवाद शेवटच्या रांगेपर्यंत गढूळ होऊन पोचणार.

म्हणून तुमच्या गावातली अशी टॉकीज दुरुस्तीला निघाली तर आधी रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर आवाज किती बदलला ते ताडून बघता येईल. बाल्कनीच्या फळीला हात लावायच्या आधीच बरं का.