पानावाटे पोषण: काताच्या रंगाच्या भातापासून बाटलीतल्या युरियापर्यंत

विड्यातला कात खैराच्या लाकडापासून निघतो. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या पंतनगर परिसरात साठच्या दशकात लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत भाताची खाचरे त्या काताच्या रंगाची होऊ लागली आणि या रोगाला ‘खैरा’ हे नाव पडले. खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके उठत, मग ते एकमेकांत मिसळून सगळे पान विटकरी होई. रोप खुजे राही आणि फुटवे थांबत. जंगल साफ करून नुकतीच लागवडीखाली आलेली ही जमीन सेंद्रिय द्रव्याने समृद्ध होती. अशा जमिनीत पीक उपाशी आहे अशी शंका सहसा कुणाला येत नाही, आधी संशय जातो तो बुरशीवर, विषाणूवर नाही तर सूत्रकृमीवर.

पंतनगर कृषी विद्यापीठातले वनस्पती-रोगशास्त्रज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की या ‘रोगा’मागे कोणताही जंतू नाही, पिकाला जस्त कमी पडते आहे. शेतातल्या भातात जस्ताची कमतरता अशी पहिल्यांदाच नोंदली गेली. उपाय कुठल्याही गावात जमेल असा होता: हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि भिजवून गाळलेला अडीच किलो चुना हजार लिटर पाण्यात मिसळून फवारायचे. पुढे भाताचे आणखी दोन ‘रोग’, पाकिस्तानातला ‘हड्डा’ आणि जपानमधल्या ‘अकागारे’चा एक प्रकारही, जस्ताच्याच खात्यावर जमा झाला. रोगशास्त्रज्ञाने रोग नसल्याचे सिद्ध करून नाव कमवावे, ही या विषयाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. हेच नेने पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत गेले, १९९४ मध्ये त्यांनी शेतीच्या इतिहासासाठी वेगळी संस्था काढली आणि सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा झाडांच्या निगेवरचा जुना संस्कृत ग्रंथ व त्यातले कुणपजल हे आंबवलेले द्रवखत पुन्हा चर्चेत आणले.

पानावर क्षार लावून झाड सुधारते, हे मात्र नेन्यांच्याही सव्वाशे वर्षे आधीचे. १८४३-४४ च्या सुमारास फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांच्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि पाने पुन्हा हिरवी झाली. त्याच दशकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी वनस्पती खनिजांवर पोसल्या जातात हा विचार युरोपभर पोहोचवला होता. तरीही ग्रींचा शोध बराच काळ कुतूहलापुरताच राहिला. याचे एक साधे कारण असे की एकरभर पानांना ब्रशने पाणी कोण लावणार? १८८५ मध्ये मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आणले आणि ते मारण्यासाठी पाठीवरचे पंप तयार झाले. फवारणीचे अवजार आले ते रोगांसाठी, पोषण त्यावर मागून स्वार झाले. पंतनगरच्या जस्त-चुन्याच्या द्रावणाची पाककृती पाहिली तर ती बोर्डोचीच धाकटी बहीण वाटते: धातूचे सल्फेट, आणि पान करपू नये म्हणून आम्लता मारणारा चुना.

मोठ्या क्षेत्रावर हे पहिल्यांदा जमले ते हवाईत, तेही धान्यावर नव्हे तर अननसावर. तिथल्या काही लालसर-काळ्या जमिनींत लोह भरपूर, पण मँगनीज त्याहून त्रासदायक, त्यामुळे अननसाला लोह घेता येईना आणि झाडे पिवळी पडत. १९१६ मध्ये मॅक्सवेल जॉन्सन यांनी हिराकसाचे, म्हणजे लोह सल्फेटचे, पाणी फवारून ती हिरवी केली. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात ऊस, भुईमूग किंवा पेरभात पिवळा पडतो तेव्हा कृषी सेवा केंद्रात जे हिराकस हातात ठेवतात, त्याची वंशावळ इथे पोहोचते. कारण वेगळे असते (तिथे मँगनीज, इथे चुना), पण पेच एकच आहे. पदार्थ जमिनीत आहे, मुळाच्या हाती लागत नाही.

तृणधान्यांकडे यायला आणखी एक दशक लागले. कॅलिफोर्नियात ॲना सॉमर आणि चार्ल्स लिपमन यांनी १९२६ मध्ये जस्ताशिवाय वनस्पती वाढत नाही हे सिद्ध केले. दक्षिण ऑस्ट्रेलियात ओटच्या पानांवर राखाडी डाग पडत आणि पीक बसत असे, त्याचे मूळ मँगनीजच्या कमतरतेत आहे हे सॅम्युएल आणि पायपर यांनी १९२८ च्या सुमारास दाखवले. ‘रोग’ म्हणून ओळखली जाणारी दुखणी एकेक करून उपासमारीत मोजली जाऊ लागली. भारतात सूक्ष्म अन्नद्रव्यांची अखिल भारतीय समन्वित योजना १९६७ मध्ये सुरू झाली, म्हणजे खैराच्या निदानानंतर लगेच. काळ पाहा: जास्त उत्पादन देणारे आयआर-८ हे भाताचे बुटके वाण १९६६ चे, बुटका गहू त्याच सुमाराचा. जुनी वाणे थोडे देत आणि जमिनीतून थोडेच नेत. नव्या वाणांनी दाण्याबरोबर जस्तही भराभर उचलले, शेणखत कमी झाले आणि त्याच्या जागी आलेल्या नत्र-स्फुरदाच्या पोत्यांत जस्त नव्हते.

आता थोडे गणित, कारण पुढच्या सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे. ०.५ टक्के झिंक सल्फेटचे ५०० लिटर द्रावण हेक्टरी मारले तर अडीच किलो क्षार पानांवर पडतो, त्यात जस्त साधारण अर्धा किलो. ४० क्विंटल गव्हाच्या दाण्यात जस्त असते शंभर-सव्वाशे ग्रॅम. काडातले धरले आणि फवाऱ्यातले बरेचसे वाया गेले असे मानले, तरी हिशेब जुळतो. आता तेच नत्राचे. २ टक्के युरियाचे ५०० लिटर म्हणजे १० किलो युरिया, त्यात नत्र ४.६ किलो. तेवढ्याच गव्हाला नत्र लागते शंभर किलोच्या घरात. तीव्रता वाढवून भागत नाही, पाने करपतात. थोडक्यात, जे पिकाला ग्रॅमने लागते ते पानावाटे देता येते. किलोने लागते त्याचा घासभरच जातो. पावसाने ओढ दिल्यावर, मुळे कोरड्या मातीत अडकलेली असताना, युरियाचा किंवा पोटॅशियम नायट्रेटचा हात देणे शहाणपणाचेच, पण ते जेवण नव्हे.

हा हिशेब पन्नाशीच्या दशकात धूसर झाला. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हॅरोल्ड ट्युकी आणि सिल्व्हन विटवर यांनी किरणोत्सर्गी खुणेचे स्फुरद व इतर अन्नद्रव्ये पानांवर लावली आणि ती झाडात कुठवर जातात ते मोजले. पान हे नुसते अन्न तयार करणारे अवयव नाही, ते बाहेरून आत घेतेही, हे निर्विवाद झाले. लावलेल्यातला मोठा भाग पान आत घेते, जमिनीत टाकलेल्यातला थोडाच मुळांकडे जातो, ही तुलना तिथूनच विक्रीच्या भाषेत शिरली आणि आजही विद्राव्य खतांच्या पत्रकांत सापडते. ती खोटी नाही, अर्धी आहे. दहातले नऊ ग्रॅम आत गेले तरी नऊ ग्रॅमच गेले. शिवाय भात-गव्हाचे पान उभे, मेणचट, त्यावरून थेंब घरंगळतो, म्हणून द्रावणात चिकट द्रव्य टाकावे लागते.

फवारणीला पर्याय नाही असे उदाहरण हवे असेल तर ते पंजाबात आहे. वाळूसर जमिनीत भातासाठी चिखलणी करून पाणी तुंबवले की मँगनीज विरघळते आणि पाण्याबरोबर खाली झिरपून जाते. मागून येणाऱ्या गव्हाला वरचा थर रिकामा मिळतो. मँगनीज सल्फेट मातीत टाकावे तर हवेशीर रानात ते लवकरच पिकाला न मिळणाऱ्या रूपात जाते. म्हणून तिथली शिफारस फवारणीची: ०.५ टक्के मँगनीज सल्फेट, पहिल्या पाण्याच्या दोन-चार दिवस आधी एकदा आणि मग आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, स्वच्छ उन्हात. वारंवार का, तर मँगनीज एका पानातून दुसऱ्या पानात फारसे सरकत नाही आणि नवे पान पुन्हा रिकामेच निघते. जस्ताचे उलटे झाले. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट जमिनीत देणे सोपे आणि ते पुढच्या पिकांनाही पुरते असे दिसल्यावर भातात जस्ताची फवारणी हळूहळू संकटकाळच्या उपायाच्या जागी गेली.

ती परत आली ती माणसाच्या पोटाच्या वाटेने. बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद हे डॉक्टर इराणमधल्या शिराझला होते. १९६१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खुज्या, वयात न आलेल्या तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे मुख्य अन्न होते बिनआंबवलेली गव्हाची भाकर. मागे जस्ताची उणीव असावी हा प्रसादांचा तर्क इजिप्तमधल्या पुढच्या कामातून पक्का झाला. दाण्यातले फायटेट हे द्रव्य जस्ताला धरून ठेवते, ते शरीराला मिळू देत नाही, आणि दाण्यातच जस्त कमी असेल तर दुष्काळात तेरावा महिना. तीस वर्षांनी तुर्कस्तानच्या मध्य अनातोलियात इस्माइल चाकमाक यांनी गव्हाच्या जस्त-उपाशी जमिनींवर काम सुरू केले. आधी प्रश्न उत्पादनाचा होता, मग त्यांनी दाणा तपासायला घेतला. ओंबी निसवल्यावर आणि दाणे चिकात असताना जस्त फवारले तर ते दाण्यात उतरते. जमिनीतून आणि पानावाटे दोन्ही दिले तर दाण्यातले जस्त दुपटी-तिपटीनेही वाढल्याचे आढळले. २००८ पासून हे प्रयोग हार्वेस्टझिंक प्रकल्पातून भारतासह अनेक देशांत झाले. लोहाला मात्र ही वाट फारशी मिळाली नाही. पानावर मारलेले लोह दाण्यापर्यंत पोहोचतच नाही म्हणावे इतके कमी पोहोचते.

आणि मग २०२१ मध्ये बाटली आली. इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो युरिया, अर्ध्या लिटरची बाटली, ४ टक्के नत्र, आणि दावा असा की ती ४५ किलोच्या एका पोत्याची जागा घेईल. बाटलीत नत्र २० ग्रॅम, पोत्यात २० किलोहून थोडे जास्त. हजारपटीचे हे अंतर कणांच्या सूक्ष्मतेने भरून निघते, असे उत्पादकाचे म्हणणे. डेन्मार्कचे मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी २०२३ मध्ये या दाव्याला शास्त्रीय आधार नसल्याचे लिहिले. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात जमिनीतले नत्र निम्म्यावर आणून नॅनो युरिया फवारला, तेव्हा पूर्ण शिफारशीच्या तुलनेत भाताचे उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले. पुढे जास्त तीव्रतेची बाटलीही आली, पण हिशेब अजून ग्रॅममध्येच आहे. युरियावरचे अनुदान आणि आयात कमी करायची सरकारची निकड खरी आहे. ती पानाच्या अंगावर टाकून भागेल असे मला वाटत नाही.

जस्ताच्या फवारणीपुढची अडचण वेगळी आहे. जमिनीत जस्त पुरेसे असेल तर चिकातल्या फवाऱ्याने क्विंटल वाढत नाहीत आणि बाजार समितीत दाण्यातले जस्त कुणी तोलत नाही. मजुरी आणि पंप शेतकऱ्याचा, फायदा खाणाऱ्याचा. सात देशांतल्या प्रयोगांत हेच जस्त कीड-रोगाच्या औषधाबरोबर एकाच टाकीत मिसळून मारले तरी दाण्यात उतरते असे दिसले, म्हणजे वेगळी फेरी वाचते. पण त्यासाठी मुळात औषधाची फेरी असावी लागते. मंगळवेढ्याच्या ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीत पंप घेऊन क्वचितच कुणी उतरते. तिथे दुसरी वाट धरली गेली. २०१२ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने जास्त लोहाची ‘धनशक्ती’ बाजरी महाराष्ट्रासाठी दिली, २०१८ मध्ये परभणीहून लोह आणि जस्त दोन्ही जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी आली, आणि फवाऱ्याचे काम बियाण्याकडे गेले.